धातूचा पूर्वेतिहास : टायटॅनियमचे लाटण, उष्मोपचार आणि अंतर्रचना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या शिकविण्यातील एक विशेष आपणांपैकी अनेकांनी अनुभवला आहे. वस्तू कशाची बनली आहे हे विद्यार्थ्याने सांगितले, की ती कशी बनली हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. हैदराबादेसारख्या बहुभाषी नगरात मराठीतून विज्ञान शिकविण्याचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. म्हणून आजचा विषय निवडताना मी दोन्ही गोष्टींचे भान ठेवले आहे. विषय या नगराशी निगडित असावा आणि तो मराठीतून मांडता यावा, असा प्रयत्न आहे.

माझी उमेदीची वर्षे धातुशास्त्रात गेली आणि त्यातली बहुतेक टायटॅनियम या एका धातूच्या सहवासात गेली. संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळा १९६३ साली या शहरात सुरू झाली आणि १९७३ साली मिश्र धातु निगम ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. कंचनबागेच्या त्या परिसरात देशातील टायटॅनियमचे पुष्कळसे काम उभे राहिले. आपल्या वस्तीपासून तो भाग काही दूर नाही. पण तेथे भट्टीच्या आणि लाटणयंत्राच्या आत काय घडते, याची कल्पना शेजाऱ्यांना क्वचितच असते. ती द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम या धातूचा परिचय. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला १७९१ साली काळ्या वाळूत एका अज्ञात धातूचे ऑक्साइड सापडले. चार वर्षांनी जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट याने त्या मूलद्रव्याला ग्रीक पुराणातील टायटन या महाकाय देवतांवरून नाव दिले. ज्या इल्मेनाइट खनिजात हे मूलद्रव्य असते, ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूतही आहे आणि केरळच्या चवरा भागात तर विपुल आहे. पृथ्वीच्या कवचात टायटॅनियम दुर्मिळ नाही. विपुलतेत मूलद्रव्यांमध्ये त्याचा क्रम नववा लागतो. तरीही तो महाग आहे, कारण ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचा त्याला विलक्षण लोभ आहे. त्यांच्यापासून त्याला सोडविणे हेच खर्चाचे काम. लक्झेंबर्गचे विल्हेल्म क्रोल यांनी टायटॅनियम टेट्राक्लोराइडवर मॅग्नेशियमची क्रिया करून धातू मिळविण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९४८ साली अमेरिकेत तिच्या आधारे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे चवरा येथे संरक्षण प्रयोगशाळेच्या तंत्रानुसार उभारलेला, वर्षाला ५०० टन स्पंज तयार करण्याच्या क्षमतेचा कारखाना २०११ साली सुरू झाला.

या धातूची घनता पाण्याच्या साडेचार पट आहे. लोखंडाची जवळजवळ आठ पट असते. म्हणजे पोलादाच्या तोडीचे बळ सुमारे निम्म्या वजनात मिळते. समुद्राच्या पाण्याने तो गंजत नाही, मानवी शरीर त्याला नाकारीत नाही. म्हणून विमानाच्या इंजिनात, खुब्याच्या कृत्रिम सांध्यात आणि आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यातील इंधनाच्या टाक्यांत तो वापरला जातो. सर्वांत अधिक खपणाऱ्या मिश्रधातूत सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असते. कारखान्यात तिला ‘सिक्स-फोर’ म्हणतात. आपण तिला ‘सहा-चार’ म्हणू.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. शाळेत आपण शिकतो की पदार्थाचे गुणधर्म त्याच्या घटकांवर अवलंबून असतात. ते खरे आहे, पण अर्धेच. सहा-चारच्या एकाच ओतीव ठोकळ्यातून दोन तुकडे घ्या. घटकांत रतिमात्र फरक नसताना एक तुकडा चिवट आणि दुसरा त्या मानाने सहज तडकणारा करता येतो. एक तुकडा आडवा ओढला असता उभ्यापेक्षा अधिक ताठ निघतो, दुसऱ्यात असा भेद जवळजवळ नसतो. हा फरक त्यांच्या घडणीच्या इतिहासातून येतो. कोणत्या तापमानाला लाटले, किती लाटले, कोणत्या दिशेने लाटले, मग किती तापविले आणि किती वेगाने निवविले, हा तो इतिहास होय.

हे समजण्यासाठी टायटॅनियमच्या दोन रूपांची ओळख हवी. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंश सेल्सिअसच्या खाली ‘अल्फा’ रूपात असते. त्यात अणूंची मांडणी षट्कोनी असते, खांबासारख्या एका अक्षाभोवती रचलेली. त्याहून वर ते ‘बीटा’ रूपात जाते. त्यात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी असतात. ॲल्युमिनियम अल्फाला आधार देते, व्हॅनेडियम बीटाला. त्यामुळे सहा-चारमध्ये नेहमीच्या तापमानालाही थोडे बीटा शिल्लक राहते आणि तापवीत नेल्यास सुमारे ९९५ अंशांवर सगळे अल्फा नाहीसे होऊन केवळ बीटा उरते. या तापमानाला आपण ‘बीटा-सीमा’ म्हणू. धातू सीमेच्या वर लाटली की खाली, या एका निर्णयावर तिचे पुढचे भवितव्य ठरते.

सीमेच्या वर तापवून धातू हळूहळू निवविली, तर प्रत्येक बीटा कणाच्या पोटात अल्फाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना समांतर वाढू लागतात आणि दोन पट्ट्यांमध्ये बीटाचा बारीक थर राहतो. आपल्या घरच्या चिरोट्याची आठवण करा. पोळीवर पोळी आणि मध्ये साटा, तशीच ही रचना. निवविणे मंद असेल तर पट्ट्या जाड आणि त्यांचे गठ्ठे मोठे होतात. पाण्यात बुडविले तर पट्ट्या सुईसारख्या बारीक होतात. या पट्टीदार रचनेत भेग सरळ धावू शकत नाही. प्रत्येक गठ्ठ्याशी तिला वळावे लागते. म्हणून अशी धातू भेगेला चांगला विरोध करते आणि तापलेल्या अवस्थेत सावकाश ताणली जाण्यालाही टिकते. पण तिची तन्यता कमी असते आणि वारंवार भार पडत राहिल्यास पहिली भेग तिच्यात लवकर जन्मते.

आता हीच धातू सीमेच्या खाली, समजा ९०० ते ९५० अंशांच्या दरम्यान, लाटली तर काय होते? लाटणयंत्राच्या दाबाने पट्ट्या वाकतात, मुरडतात, त्यांच्या अंगात अंतर्गत ताण साठतो. नंतर तिला पुन्हा सीमेच्या खालीच तापवून ठेवले, की मुरडलेल्या पट्टीच्या आत नव्या सीमारेषा उमटतात आणि त्या रेषांतून बीटा आत शिरू लागते. पट्टीला खाच पडते, खाच खोल होते आणि शेवटी पट्टी तुटून तिचे मणी होतात. लांब पट्ट्यांच्या जागी गोलसर कण येतात. अशी धातू तन्य असते आणि तिच्यात भेग सहजी जन्मत नाही. मात्र यासाठी लाटण पुरेसे व्हावे लागते. जाडी थोडीच कमी करून थांबले, तर पट्ट्या वाकतात पण तुटत नाहीत आणि मग कितीही तास भट्टीत ठेवले तरी जुनी रचना मागे राहते. शिवाय मुळातल्या पट्ट्या जाड असतील तर त्या तोडणे अवघड. म्हणून लाटणाच्या आधी सीमेच्या वर तापवून धातू वेगाने निवविणे ही जाणत्या कारागिराची पहिली पायरी असते.

तिसरी रचना या दोहोंचा मेळ घालणारी. लाटलेली धातू सीमेच्या जरा खाली, सुमारे ९५५ अंशांवर ठेवली, की काही अल्फा गोल मण्यांच्या रूपाने टिकते आणि बाकीची बीटा होते. निवविताना त्या बीटाच्या पुन्हा पट्ट्या बनतात. मग ५०० ते ५४० अंशांच्या आसपास काही तास मुरवत ठेवले की बळ वाढते. मणी किती आणि पट्ट्या किती, हे त्या ९५५ अंशांवर ठरते आणि सीमेजवळ हे प्रमाण फार झपाट्याने बदलते. दहा-पंधरा अंशांची चूक भट्टीच्या मापकात राहिली तर मागणी एका धातूची आणि पुरवठा दुसऱ्याच धातूचा असे होऊ शकते. याला जोडून आणखी एक अडचण आहे. टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक आहे. जाड पत्र्याचा पृष्ठभाग लाटांना लागून थंड पडतो आणि गाभा मात्र तापलेलाच राहतो. एकाच पत्र्याच्या दोन थरांना दोन वेगळे इतिहास मिळतात.

येथवर मी जे सांगितले ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. आता जे तेथे सहजी दिसत नाही त्याकडे येतो. या सभागृहात आपण बसला आहात. खुर्च्या किती, त्या केवढ्या आणि कशा मांडल्या आहेत, ही झाली सूक्ष्मरचना. पण आपण सारे व्यासपीठाकडे तोंड करून बसला आहात, ही वेगळी गोष्ट आहे. खुर्च्यांची मांडणी तशीच ठेवून प्रत्येकाने हवे तिकडे तोंड केले असते तर सभेचे रूप पालटले असते. धातूतील स्फटिकांची तोंडे एका दिशेला वळलेली असण्याच्या या प्रवृत्तीला धातुशास्त्रात ‘टेक्श्चर’ म्हणतात. मी तिला ‘दिशाकल’ म्हणतो.

ॲल्युमिनियम किंवा तांबे यांच्यापेक्षा टायटॅनियममध्ये दिशाकलाचे महत्त्व फार अधिक आहे, कारण अल्फा स्फटिक हा बांबूसारखा आहे. बांबू लांबीच्या दिशेने एक आणि आडवा दुसरा असतो. अल्फा स्फटिक त्याच्या षट्कोनी अक्षाच्या दिशेने ओढला तर त्याचा यंगचा गुणांक सुमारे १४५ गिगापास्कल भरतो, अक्षाला काटकोनात ओढला तर सुमारे १००. अक्षाला काटकोनातल्या दिशेने त्याचे थर सहज घसरतात, अक्षाच्या दिशेने ताणताना मात्र त्याला मोठे कष्ट पडतात. स्फटिक विस्कळीत दिशांना असतील तर ही विषमता एकमेकींना झाकते. ते एका दिशेला वळले, की संपूर्ण पत्रा त्या एका स्फटिकासारखा वागू लागतो.

स्फटिकांची ही तोंडे वळविण्याचे काम लाटण करते. गृहिणी पोळी लाटताना ती फिरवीत राहते, म्हणून पोळी गोल होते आणि सगळीकडून सारखी निघते. न फिरविता लाटली तर लांबोडकी होते. लाटणयंत्राचेही तसेच आहे. सहा-चारचा पत्रा सीमेच्या बऱ्याच खाली, एकाच दिशेने लाटला, तर मुख्यतः अल्फा स्फटिकच विकृत होतात. त्यांचे काही अक्ष पत्र्याच्या पृष्ठभागाला लंब उभे राहतात, काही आडव्या दिशेला झुकतात. तोच पत्रा सीमेच्या निकट लाटला, तर त्या वेळी धातूत बीटाचे प्राबल्य असते. वळण बीटाला लागते आणि निवताना त्या वळणातून जन्मलेल्या अल्फाचे अक्ष पत्र्याच्या रुंदीच्या दिशेने आडवे पडतात. पोळीप्रमाणे पत्रा फिरवून दोन्ही दिशांनी लाटला, तर अक्ष बहुतांशी पृष्ठभागाला लंब राहतात आणि पत्र्याच्या पातळीत उभे-आडवे हा भेद पुष्कळ कमी होतो.

बीटातून अल्फा जन्मताना वारसा कसा चालतो, याचा नियम डच शास्त्रज्ञ डब्ल्यू. जी. बर्गर्स यांनी १९३४ साली झिर्कोनियम या टायटॅनियमच्या भावंडात शोधला. बीटाच्या एका विशिष्ट पातळीशी अल्फाची पायाभूत पातळी समांतर राहते. त्यामुळे एका बीटा कणातून बारा वेगवेगळ्या दिशांचे अल्फा जन्मू शकतात. बाराही दिशा सारख्या वापरल्या गेल्या तर दिशाकल पुसट होतो. पण प्रत्यक्षात काही दिशांना झुकते माप मिळते आणि बीटाचे वळण अल्फात उतरते. उष्मोपचाराने सगळे पुसून टाकता येते, ही समजूत म्हणूनच खरी नाही. कणांचा आकार तो पालटतो, त्यांचे तोंड मात्र त्या प्रमाणात पालटत नाही.

याचे एक साधे उदाहरण माझ्या कामातले सांगतो. एका लहान कारखान्यात टायटॅनियमच्या पत्र्याच्या पट्ट्या काटकोनात वाकवायच्या होत्या. पत्रा एकाच खेपेचा होता. प्रमाणपत्रात घटक आणि बळ निर्दोष होते. तरी काही पट्ट्या वाकणीवर तडकत, काही अगदी सुखाने वाकत. मालकांचा संशय धातूवर होता. तेथील वयस्कर फिटर मात्र म्हणाले, “साहेब, उभ्या कापलेल्या वाकतात, आडव्या कापलेल्या फुटतात.” त्यांना षट्कोनी अक्ष ठाऊक नव्हते, पण त्यांचे निरीक्षण बिनचूक होते. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा अक्षांचा मोठा भाग रुंदीच्या दिशेला वळलेला आढळला. त्या दिशेने ताण पडला की स्फटिकांना घसरायला वाव उरत नव्हता. पट्ट्या दुसऱ्या अंगाने कापण्याचा निर्णय झाला आणि काम मार्गी लागले. प्रमाणपत्रासाठी ओढचाचणी एकाच दिशेने घेतलेली होती. दुसरी दिशा कोणी विचारलीच नव्हती.

पट्टी तडकली तर ती टाकून देता येते. सगळीकडे तशी सोय नसते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे डीसी-१० विमानाला अपघात झाला. त्याच्या इंजिनातील पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली होती. विमानातील २९६ जणांपैकी ११२ जणांचा अंत झाला. त्या चकतीचा दोष घटकांचा होता. वितळविताना नायट्रोजनने कठीण झालेला एक सूक्ष्म भाग आत राहून गेला होता. त्यावर वितळविण्याच्या पद्धती सुधारून उपाय योजले गेले.

दुसरी घटना ३० सप्टेंबर २०१७ ची. पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाचे एक इंजिन ग्रीनलंडवर उडताना फुटले. पंख्याचा मध्यभाग तुटून खाली हिमात पडला. विमान कॅनडात गूज बे येथे सुखरूप उतरले आणि पाचशेहून अधिक माणसे वाचली. हिमाखाली गाडलेला तुकडा शोधून काढायला २०१९ साल उजाडले. फ्रान्सच्या चौकशी संस्थेचा अंतिम अहवाल २०२० साली आला. तो भाग सहा-चारचा होता आणि त्याच्या घटकांत दोष नव्हता. धातूच्या पोटात मात्र एक प्रदेश असा होता की जेथील असंख्य अल्फा कणांची तोंडे जवळजवळ एकाच दिशेला होती. भेगेचा जन्म तेथे झाला.

हा प्रदेश येतो कोठून? मघाशी सांगितलेल्या चिरोट्याच्या एका मोठ्या गठ्ठ्यातून. घडाई आणि लाटण यांनी त्या गठ्ठ्याच्या पट्ट्या तुटून मणी झाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला छोटे, सुटे, सुंदर कण दिसतात. पण विकृती पुरेशी झाली नसेल, किंवा एकाच दिशेने झाली असेल, तर हे मणी आपल्या मूळ पट्टीचे तोंड विसरत नाहीत. दिसायला हजार कण, वागायला मात्र एक भला मोठा स्फटिक. उड्डाणाच्या वेळी पंख्यावर भार चढतो आणि काही काळ चढलेलाच राहतो. त्या अवधीत सहज घसरणारे कण हळूहळू घसरतात आणि आपला भार शेजारच्या न घसरणाऱ्या कणांवर ढकलतात. उड्डाणामागून उड्डाण हे चालते आणि एके दिवशी न वाकणारा कण फुटतो. धातूचा हा थंड शिणवटा १९७० च्या दशकाच्या आरंभी दुसऱ्या एका टायटॅनियम मिश्रधातूच्या चकत्या निकामी झाल्या तेव्हापासून माहीत होता. सहा-चार त्याला फारशी बळी पडत नाही, असा समज मात्र प्रचलित होता. ग्रीनलंडच्या हिमातील तुकड्याने तो समज मोडला.

यावरचे उपाय आज ज्ञात आहेत. ठोकळ्याची घडाई करताना सीमेच्या वरून वेगाने निववून गठ्ठे लहान ठेवणे, मग सीमेच्या खाली निरनिराळ्या दिशांनी पुरेसे दाबणे, इलेक्ट्रॉन किरणांच्या विवर्तनाने कणांची तोंडे मोजणे आणि ध्वनिलहरींच्या प्रतिसादातून संशयित प्रदेश हुडकणे. यांतला प्रत्येक उपाय वेळ आणि पैसा मागतो. म्हणून माझे म्हणणे असे की महत्त्वाच्या कामी टायटॅनियम घेताना घटकांचे आणि बळाचे प्रमाणपत्र अपुरे समजावे. कोणत्या तापमानाला, कोणत्या दिशांनी आणि किती लाटले याची नोंद मागावी, आणि चाचणी दोन्ही दिशांची घ्यावी. खोल समुद्रात माणसे उतरविण्यासाठी आपल्या देशाने आखलेल्या मत्स्य-६००० या वाहनाचा गोल २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमचा योजिलेला आहे. त्यात तीन माणसे बसायची आहेत. अशा ठिकाणी ही नोंद त्यांच्या प्राणांची हमी ठरते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या तेलंगणाच्या भूमीत शतकांपूर्वी वूट्झ पोलाद तयार होत असे. भट्टीजवळ बसून धातूचा रंग पाहणाऱ्या त्या लोहारांना आपल्या धातूचा इतिहास मुखोद्गत असे, कारण तो त्यांच्याच हातून घडलेला असे. आज धातू अनेक हातांतून जाते. एकाने वितळविलेली दुसरा घडवितो, तिसरा लाटतो, चौथा तापवितो आणि पाचवा वापरतो. प्रत्येकाच्या हाती कागदाचा एक तुकडा असतो. तो कागद खरा असणे आणि पुरता असणे ही आता आपली जबाबदारी आहे. तुमच्यापैकी जे पुढे या व्यवसायात येतील, त्यांनी आपल्या भट्टीच्या वहीत खरे तापमान लिहावे आणि दुसऱ्याच्या वहीतले तापमान विचारण्याचा संकोच करू नये. त्या वयस्कर फिटरप्रमाणे उभे आणि आडवे दोन्ही करून पाहावे.